बिबट्या न्हाई, वाघाटी

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा आला आणि त्याच वेळी गावच्या ग्रुपवर तो फोटो आला. उज्माने कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिने तसाच खाली ठेवला.

फोटोत गावचे पुढारी विजयसिंह भैय्या होते. पांढराशुभ्र शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि दोन्ही हातांत मानगुटीला धरून उचललेली मुठीएवढी दोन पिल्लं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'भैय्यांनी जिवावर उदार होऊन बिबट्याचे दोन बछडे ताब्यात घेतले. मादी अजून रानातच आहे. गावकऱ्यांनी सावध राहावे.'

उज्माने फोटो बोटांनी मोठा केला. पिल्लांच्या पाठीवर काळपट ठिपक्यांच्या ओळी होत्या. कपाळावर डोळ्यांपासून वर गेलेल्या पांढऱ्या रेघा होत्या. डोळे नुकतेच उघडलेले. आणि भैय्यांच्या मागे काळ्या दगडांची रास होती, राशीला टेकलेला वाकडा पळस होता. जिल्ह्यात दगडांच्या राशी पुष्कळ असतील, पण हा पळस तिने दोन हिवाळे रोज संध्याकाळी पाहिला होता.

"काय मॅडम, भ्यालात का?" हेडमास्तर आप्पाराव सर हसत म्हणाले. "भैय्या हायत, काळजी न्हाई."

"सर, हा बिबट्या न्हाई."

"मंग काय मांजर हाय?"

"हो, मांजरच आहे," उज्मा म्हणाली. सगळी खोली हसली. तिने पर्स उचलली, पाचव्या तासाला सातवीला विज्ञान होतं ते कुणीतरी घ्या एवढं सांगितलं आणि कुणाचं उत्तर यायच्या आत ती स्कूटीवर बसून निघाली.

उज्माचं घर घाटनांदूरला. वडील कासमभाई स्टेशनच्या रस्त्याला फळांचा गाडा लावतात. ती प्राणिशास्त्र शिकली आणि जवळच्या खडकवाडीत एका खासगी संस्थेच्या शाळेवर विज्ञानाची शिक्षिका म्हणून लागली. त्याच गावच्या माळाला राधाकिशन आणि तुळजाबाई या जोडप्याचं रान. रान खरं तर तुळजाबाईच्या माहेरचं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून राधाकिशन घरजावई होऊन आलेले.

दोन वर्षांपूर्वी उज्मा मुलांना घेऊन त्या रानात सहलीला गेली होती, तेव्हा तुळजाबाई सहज बोलून गेल्या, "आमच्याकडं वाघाटी हाय बरं का. मांजरीवून बारकी, पण वाघाची जात." उज्माला आधी खरं वाटलं नाही. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पुस्तकात चित्र पाहिलेलं, बस. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकटीच आली आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी काही दिसलं नाही. पुढचे कितीतरी दिवस नाही. मग एकदा, सूर्य माळामागे गेल्यावर, दगडांच्या राशीवरचा एक दगड हलला असं वाटलं, आणि तो दगड नव्हताच. भुरकट अंग, त्यावर गंजल्यासारखे ठिपके, अंगाच्या मानाने मोठाले डोळे. पाणी ओतावं तशी ती राशीवरून खाली उतरली, उसाच्या कडेला थबकली, एक उंदीर उचलला आणि गेली. उज्मा श्वास घ्यायची विसरली होती. शेजारी बसलेल्या तुळजाबाईंनी नुसतं तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

तेव्हापासून शाळा सुटली की ती तिथं. तुळजाबाई शेंगा फोडत शेजारी बसायच्या. दोघी तास तास बोलायच्या नाहीत. राधाकिशन हसायचे, "मांजर बघायला बी माणसं येतेत, काय जमाना आला!" उज्माने एकच मागणं केलं होतं: कुणाला सांगायचं नाही. तिने स्वतः एक फोटोसुद्धा कुठं टाकला नव्हता. फोटो फिरला की माणसं येतात, आणि माणसं आली की वाघाटी जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. यंदा मादीचं पोट ओघळलेलं दिसलं आणि मग ती राशीपासून लांब जाईनाशी झाली, तेव्हा दोघींना कळलं होतं. त्या दिवसापासून त्या मोटारीच्या खोलीपेक्षाही लांब, बांधावर बसायला लागल्या होत्या.

आणि आता भैय्यांनी पिल्लांना मानगुटीला धरलं होतं.

माळावर पोचली तर जत्रा भरलेली. जीपा, मोटरसायकली, उसाच्या सरीत घुसलेली माणसं. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या कुऱ्हाडी. जीपच्या बॉनेटवर फळांचा पुठ्ठ्याचा खोका होता आणि त्याच्याभोवती मोबाइल वर करून माणसं उभी होती. एकजण प्लास्टिकच्या बाटलीतून पिल्लाच्या तोंडात म्हशीचं दूध कोंबत होता. दूध नाकातून बाहेर येत होतं. पिल्लू आवाज करत नव्हतं, नुसतं तोंड उघडत होतं.

उज्माने त्याच्या हातातली बाटली हिसकावली आणि दूर भिरकावली.

"ओ मॅडम! दूध पाजायलोय, उपाशी हाय ते!"

"मारायलास तू त्याला! फुप्फुसात चाललंय दूध. ठेव खाली! आधी खाली ठेव!"

तिचा आवाज इतका चढला की तिचा तिलाच ओळखू येईना. वर्गात ती कधी ओरडत नसे. गर्दी थोडी मागे सरली आणि विजयसिंह पुढे आले. बारा खेड्यांत त्यांचा शब्द चालायचा. शाळेची संस्थाही त्यांच्या चुलत्यांची. जिल्हा परिषदेला उभं राहायची तयारी चालली होती.

"या मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "तुमी विज्ञानाच्या. सांगा लोकांना बिबट्याची माहिती."

"भैय्या, हा बिबट्या न्हाई, वाघाटी आहे. पूर्ण वाढली तरी घरच्या मांजरीएवढी होत नाही. उंदीर-बेडूक खाते ती, माणसाला काय करणार?"

"ठिपके दिसत्यात की," मागून कुणीतरी म्हणालं.

"ठिपके हरणालाबी असतेत! वाघाला जो कायदा लागतो तोच हिला आहे. हात लावणं गुन्हा आहे. पिल्लं होती तिथं ठेवा आणि सगळे इथून जा. आई जवळच आहे."

विजयसिंहांनी तिचा दंड न धरता, पण धरल्यासारखं करून तिला जीपच्या पलीकडे नेलं. आवाज खाली आणला.

"मला ठाऊक हाय मांजर हाय ते. राधाकिशननंच सांगितलंय."

उज्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. "ठाऊक आहे? मग बिबट्या कावून म्हणताय?"

"बिबट्या म्हणल्यावर लोक येतेत, मॅडम. मांजर म्हणल्यावर कोण येतंय?" ते हसले. "दोन महिने झाले, गावोगाव बिबट्याची बोंब हाय. लोक संध्याकाळी घराबाहेर पडंनात. आता भैय्या हाय म्हणल्यावर निवांत झोपतील. त्यात कुणाचं काय वाईट झालं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अज्ञानी माणसावर चिडता येतं, त्याला समजावता येतं. या माणसाला सगळं ठाऊक होतं. दोन जीव हातात धरून तो फोटोसाठी हसला तेव्हाही त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात राशीकडून आरोळी आली. "आग लावा! मादी बाहेर येतीया का न्हाई बघू!" दोघेजण डिझेलचा कॅन घेऊन वाळलेल्या गवताकडे निघाले होते. उज्मा धावली. चप्पल कुठं गेली तिला कळलं नाही. ती राशीसमोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"ओता! माझ्या अंगावर ओता आधी!"

"बाजूला व्हा मॅडम. लेकराबाळांचा प्रश्न हाय."

"खोटं आहे सगळं! बिबट्या नाही इथं. विचारा तुमच्या भैय्याला!"

कुणी विचारलं नाही. वनरक्षक शिवशंकर मोटरसायकलवरून आला होता, पण तो गर्दीच्या कडेला हेल्मेट काखेत धरून उभा होता आणि विजयसिंहांच्या तोंडाकडे बघत होता. उज्माने त्याला नावाने हाक मारली. "शिवशंकर, सांगा यांना. तुम्हाला ओळखू येतंय." त्याने मान खाली घातली. "साहेब येतेत मॅडम. साहेब आल्यावर ठरवू." त्याला ओळखू येत होतं. चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आणि मग बांधावरून तुळजाबाई आल्या.

त्या धर्मापुरीला बहिणीकडे गेल्या होत्या, त्या आत्ता परतत होत्या. डोक्यावर पिशवी, पदर खोचलेला. रानात एवढी माणसं बघून आधी त्यांना वाटलं नवऱ्याला काही झालं. मग त्यांना नवरा दिसला. राधाकिशन भैय्यांच्या जीपजवळ उभे होते आणि कॅन घेतलेल्यांना वाट दाखवत होते. तुळजाबाईंनी खोका बघितला, राशीसमोर अनवाणी उभी उज्मा बघितली, आणि कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

"कुणाच्या बापाचं रान हाय हे?" त्या ओरडल्या. साठी ओलांडलेल्या बाईचा आवाज, पण माळ दणाणला. "कुणाला इचारून पाय टाकला माझ्या उसात? आं?"

"तुळजाबाई, बिबट्या..." विजयसिंह बोलायला गेले.

"बिबट्या तुझ्या घरी! मी जन्मले ह्या रानात. माझ्या बापाच्या टायमाला बी वाघाटी हुती, त्याच्या आधीबी हुती. एक कोंबडं न्हाई नेलं तिनं. तू मातर माझा ऊस तुडवलास!" त्यांनी कॅन धरलेल्याच्या हातावर पिशवीच हाणली. कॅन पडला, डिझेल ढेकळांत मुरलं. "लावा आग. लावा! सातबारा माझ्या नावावर हाय. एकेकाला पोलिसात वढते. तुझं नाव काय रं? आन तू, रामकिसनचा न्हवं तू? तुझ्या मायला सांगते, बिनइचारता लोकाच्या रानात आग लावाया शिकलाय म्हणून!"

गर्दी कायद्याला भीत नव्हती, विज्ञानाला तर नाहीच. पण सातबाऱ्याला आणि आईला सांगण्याला भ्याली. काठ्या खाली झाल्या. एकेक मोटरसायकल चालू झाली. विजयसिंहांनी घड्याळ बघितलं, काम झालं होतं. फोटो तालुक्यात फिरत होता. जाताना ते उज्माजवळ थांबले. "लई तापू नका मॅडम. नोकरी आमच्या संस्थेत हाय तुमची."

माळ रिकामा व्हायला दुपार कलली. शिवशंकर तेवढा मागे राहिला. आता त्याला तोंड फुटलं. पिल्लं होती त्याच जागेवर ठेवायची, खोक्याच्या कडा खाली दाबायच्या, आणि लांब जायचं, असं तो हळूच म्हणाला. उज्मा त्याच्यावर चिडलेली होती, तरी तिने तसं केलं. एक पिल्लू हातात वळवळत होतं, नखं काढून तिच्या बोटाला ओरखडत होतं. दुसरं, ज्याला दूध पाजलं होतं, ते ऊन असूनही गार लागत होतं आणि त्याच्या श्वासात घरघर होती. तिने ते छातीशी धरून ऊब दिली, तोंड पुसलं. मग खोक्यात भावंडाला चिकटवून ठेवलं आणि तिघं बांधावर जाऊन बसले.

राधाकिशन जवळ आले. "मला काय ठाऊक असं हुईल. चहाच्या हाटेलात इषय निघाला, मी म्हणलं आमच्या रानात हाय वाघाटी, शाळेच्या मॅडम बघाया येतेत. भैय्या म्हणले दाखवा. एवढा मोठा माणूस आपल्या रानात येतो म्हणल्यावर..."

"घरी जावा," तुळजाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "मी यायच्या आत जेवून झोपा. मला तोंड दावू नका आज."

ते गेले. सूर्य माळाला टेकला. एरवी ही वेळ उज्माच्या सगळ्या दिवसातली सुखाची. आज तिला ओरडायचं होतं, आणि ओरडायचं नव्हतं.

वाघाटी आली. राशीवरून नाही, ओढ्याकडून, पोट जमिनीला घासत. चार पावलं टाकायची आणि थांबायची. माणसांचा, डिझेलचा, टायरांचा वास सगळीकडे भरलेला. ती एकदा मागे फिरली. उज्माने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती खोक्यात होती. वळवळणारं पिल्लू तोंडात धरून ती बाहेर आली आणि उसाच्या कडेने सरळ पलीकडच्या टेकाडाकडे गेली. तुळजाबाईंनी उज्माचा हात घट्ट धरला.

अंधार पडायच्या आत ती परत आली. खोक्यात शिरली. या वेळी लवकर बाहेर आली नाही. पुठ्ठ्यावर जीभ फिरल्याचा खरखर आवाज बांधापर्यंत येत होता. बराच वेळ ती चाटत राहिली. मग तिने त्याला बाहेर ओढलं, जमिनीवर ठेवलं, पंजाने हलवलं, पुन्हा चाटलं. एकदा तिने बारीकसा आवाज काढला. मग उठली आणि त्याला तिथंच ठेवून गेली.

शिवशंकरने टोपी काढली. उज्मा त्याच्यावर फिरली. "आता टोपी काढताय? दुपारी तोंड उघडलं असतं तर? चार शब्द बोलला असतात तर?"

दुसऱ्या दिवशी उज्माने तालुक्याला जाऊन वनखात्यात तक्रार दिली, फोटोसकट. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, चौकशी करू म्हणाले. विजयसिंहांना कुणी बोलावलं नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेत सत्कार ठरला. 'बिबट्याच्या संकटातून गावाला वाचवणारे' विजयसिंह भैय्या. आप्पाराव सरांनी सूत्रसंचालन उज्माकडेच दिलं; तिचं मराठी चांगलं, आणि आदल्या प्रकरणावर पडदाही पडेल, असा त्यांचा हिशोब. उज्मा हो म्हणाली. घरी आईने, सईदाबींनी, तिचा चेहरा बघितला आणि विचारलं, "बेटा, करणार काय तू?" उज्मा म्हणाली, "सूत्रसंचालन."

झेंडावंदन झालं, मुलांची गाणी झाली. मंडपात सगळं गाव बसलेलं. हार आणि शाल ताटात तयार. उज्माने माइक हातात घेतला.

"आता ज्यांचा सत्कार आहे, त्यांनी काय केलं ते मी सांगते," ती म्हणाली. "त्यांनी बिबट्या पकडला नाही. तुळजाबाईंच्या रानात वाघाटी नावाचं रानमांजर व्यालं होतं. बिबट्या नाही हे त्यांना माहीत होतं. मला त्यांनी स्वतः सांगितलं. तरी पिल्लं उचलली, फोटो काढला, तुम्हाला घाबरवलं. त्यातलं एक पिल्लू मेलं. ते मरताना मी बघितलं. त्याची आई त्याला चाटत होती. ज्यांना याचा सत्कार करायचा आहे त्यांनी करावा. हार मी देणार नाही."

मग आप्पाराव सरांनी माइक ओढून घेतला आणि 'तांत्रिक अडचण' असं काहीतरी म्हणाले. विजयसिंह हसत उठले, स्वतःच शाल खांद्यावर घेतली, आणि टाळ्या वाजल्या. पुष्कळ नाही, पण वाजल्या. उज्माला त्या टाळ्यांचा राग शाल घेणाऱ्याच्या रागापेक्षा जास्त आला. समोर तिची मुलं बसली होती, त्यांचे आईबाप बसले होते. काहींनी नजर चुकवली. दोन-तीन बाया उठून निघून गेल्या. कशासाठी ते तिला कधी कळलं नाही.

संध्याकाळी फोन आला, उद्यापासून येऊ नका. कासमभाई जेवत होते, त्यांनी घास खाली ठेवला.

"भैय्याशी वैर घेऊन या भागात धंदा करायचा आपल्याला? एका मांजरापायी?"

"मांजरापायी नाही, अब्बा. खोट्यापायी."

"खोटं सगळेच बोलतात!"

"म्हणून मीही ऐकून घ्यायचं?"

त्या रात्री बापलेकीत बोलणं झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गाड्यावर एकजण पपई घेता घेता म्हणाला, "काय कासमभाई, लेक बिबट्यावाल्यांच्या आडवी गेली म्हणं?" कासमभाईंनी तराजूत ठेवलेली पपई उचलून परत ढिगात ठेवली. "बिबट्या नव्हता तो. वाघाटी होती. नीट बोलायचं असेल तर घे, नाहीतर पुढचा गाडा बघ." तेव्हा गाड्याजवळच उभ्या असलेल्या सईदाबींनी हे घरी येऊन सांगितलं. कासमभाई स्वतः त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत.

उज्माला अंबाजोगाईत एका क्लासमध्ये काम मिळालं. जाऊन-येऊन दिवस संपायचा. तरी रविवारी ती माळावर जायची. रास रिकामी होती. तुळजाबाईंना एकदा पलीकडच्या टेकाडाला काहीतरी पळताना दिसलं होतं, मोठं की बारकं ते सांगता येत नव्हतं. दोघी आता तिकडे तोंड करून बसायच्या.

मार्चच्या एका रविवारी बांधावर राधाकिशन आधीच येऊन बसले होते. उज्माला बघून उठले, हात जोडले.

"मॅडम, दोन महिने झाले. घरात बाई नीट बोलंना. चुकलं माझं. किती दिवस राग धरणार?"

उज्माला वाटलं होतं, या माणसाला बघितल्यावर कीव येईल. आली नाही. एवढ्या दिवसांत तिचा राग कमी झाला नव्हता, फक्त त्याचा आवाज गेला होता.

"काका, तुम्ही वाईट नाही," ती म्हणाली. "पण कॅनवाल्यांना वाट तुम्ही दाखवत होता. पिल्लं बाहेर काढल्यावरसुद्धा. ते मला विसरता येत नाही, आणि मी विसरणार नाही. माफी मागायची तर त्या वाघाटीची मागा. माझी नका मागू."

"मंग मी इथं बसू का नगं?"

"रान तुमच्या घरचं आहे. बसा. बोलू नका."

ते बसले, दोघींपासून थोडे लांब, गुडघ्यांना मिठी घालून. संध्याकाळ उतरली. टेकाडावरच्या बाभळीत होले घुमत होते. काही दिसलं नाही. अंधार पडल्यावर उज्माने दुर्बीण पिशवीत घातली आणि पुढच्या रविवारी येते एवढंच तुळजाबाईंना सांगून ती निघाली.